पाखराला साद घालण्याची विद्या



तितर हे पाखरू आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नसेल; पण ऐकलेले मात्र निश्चित असेल. लातूरहून अहमदपूरच्या किंवा नांदेडहून कंधारच्या रस्त्याला पहाटे एस. टी. थांबावी, इंजिन बंद व्हावे, आणि कुठल्या तरी बांधावरच्या बाभळीतून खणखणीत आवाज सुरू व्हावा, तो तितराचा. आधी एकदोन दबके सूर, जणू गवई गळा साफ करतो आहे. आणि मग 'का-ती-तर, का-ती-तर' अशी चढत जाणारी तीन अक्षरी हाक. एक बोलला की पलीकडच्या तुरीतला दुसरा बोलतो, त्याला तिसरा उत्तर देतो. पाखराचे नावच मुळी ह्या आवाजावरून पडले आहे.

आज मला सांगावयाचे आहे ते ह्या हाकेला हुबेहूब उत्तर देणाऱ्या माणसाविषयी. असा माणूस तोंडाने, पानाने किंवा एखाद्या नळीने अशी साद घालतो की, पाखरू फसते आणि चालत त्याच्याकडे येते. जगातल्या बहुतेक सगळ्या शिकारी लोकांनी ही विद्या कमावलेली आहे. आपल्याकडे ती मुख्यतः फासेपारध्यांची. मी हमालांच्या संघटनेचा कार्यकर्ता. शाळा अर्धी टाकून आडतीवर पोती उचलू लागलो, आणि पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून. पाखरांबद्दल मला जे थोडेफार कळते त्यातले अर्धे सालिम अलींच्या पुस्तकाचे आहे, आणि अर्धे मोंढ्यात आमच्याबरोबर काम केलेल्या एका वृद्ध पारधी हमालाचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. मामांनी एकही पुस्तक वाचलेले नव्हते; परंतु पुस्तकात जे होते ते त्यांना ठाऊक होते, आणि जे पुस्तकात नव्हते त्यातलेही पुष्कळ ठाऊक होते.

पहिला प्रश्न असा की, पाखरू आवाजाला येतेच का? 'आवाज सारखा वाटला म्हणून आले' एवढे उत्तर पुरत नाही. कोंबडा आरवला म्हणून आपण काही धावत जात नाही. पाखरू येते ते त्या आवाजाचा त्याला काही अर्थ लागतो म्हणून, आणि तो अर्थ तीन प्रकारचा असू शकतो.

एक, आव्हान. तितराचा नर आपला बांध, आपली झुडपे ही आपली मालमत्ता समजतो. त्याच्या हद्दीत दुसऱ्या नराची हाक उठली की तो चिडतो आणि मान ताठ करून भांडायला येतो. दुसरा प्रकार निमंत्रणाचा. मादीचा आवाज नराच्या आवाजाहून निराळा असतो, आणि तो ऐकून नर येतो ते भांडणासाठी नव्हे, हे सांगायला नको. तिसरा प्रकार जमवाजमवीचा. झुडपांत थव्याने राहणाऱ्या लहान लावऱ्या असतात. आपला पाय त्यांच्यात पडला की बॉम्ब फुटावा तशा चोहीकडे उडतात, आणि थोड्या वेळाने मऊ शीळ घालीत एकमेकींना पुन्हा गोळा करतात. ह्या शिळेची नक्कल करणाऱ्याकडे विखुरलेला थवा एकेक करून चालत येतो. हा मला सगळ्यांत करुण प्रकार वाटतो. चिडलेला फसला तर त्याची काही चूक म्हणता येईल. घरच्यांना शोधणाऱ्याची कसली चूक?

तेव्हा साद घालणाऱ्याने आधी ठरवावयाचे ते हे की, समोरच्या पाखराला आज, ह्या घडीला, काय ऐकावेसे वाटते. साधन कोणते घ्यावयाचे हा नंतरचा प्रश्न. साधा राखी तितर जवळजवळ बारा महिने बोलतो, पण पहाटे काटेरी झाडावरून उतरण्याच्या वेळी आणि संध्याकाळी पुन्हा मुक्कामाला चढण्याच्या वेळी त्याला जोर येतो. त्याचा भाऊबंद रंगीत तितर मात्र पावसाळ्याचा गडी. मृगाच्या सरी पडल्या की तो उंचवट्यावर, दगडावर किंवा फांदीवर चढतो आणि घोगऱ्या, खरखरीत आवाजात ओरडतो. एकाचे ओरडणे पुढचा झेलतो, त्याचे त्याच्या पुढचा. जानेवारीत त्याची हाक घालीत बसणाऱ्याने दिवस फुकट घालविला असे समजावे. लाव्यांचेही तसेच. पावसाळी लावा जूननंतर गवतातून दोन तुटक सुरांची, धातूवर टिचकी मारल्यासारखी शीळ घालतो. थंडीत उत्तरेकडून जो पाहुणा लावा येतो त्याची शीळ तीन सुरांची. रंगारूपाने हे दोघे इतके जवळचे आहेत की, उडताना भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. पण ज्याला दोन आणि तीन मोजता येतात त्याला डोळे मिटून ओळखता येतात.

आता साधनांकडे वळू. मामांचे मत असे की, तोंडासारखे साधन नाही. जीभ टाळूला लावून, ओठ आवळून, मुठीची पोकळी करून ते जो आवाज काढीत त्याने मोंढ्यातल्या कोंबड्या बिचकत. तोंडाचा फायदा असा की, आवाज लहानमोठा करता येतो, मध्येच बदलता येतो आणि जवळ आलेल्या पाखराला पुटपुटल्यासारखे बोलता येते. तोटा एवढाच की, ते यायला वर्षे लागतात. पान हे गरिबाचे साधन. कोवळे, चिवट पान ओठांत ताणून फुंकले की बारीक, थरथरता सूर निघतो, आणि गवताचे पाते दोन अंगठ्यांमध्ये धरून फुंकले तर संकटातल्या पिलासारखी किंकाळी उठते. ही किंकाळी मात्र भलतेच गिऱ्हाईक आणते, कोल्हा आणि रानमांजर. पाखराची साद हवी असेल तेथे तिचा उपयोग नाही.

नळीची किंवा शिट्टीची गोष्ट निराळी. तिचा सूर ठरलेला असतो, म्हणून नवशिक्याला सोपी. पण सूर बदलत नाही, म्हणून जाणत्याला अपुरी. युरोपात लाव्यासाठी एक मोठे गमतीचे साधन होते. चामड्याची लहानशी पिशवी, तिच्या तोंडाला हाडाची शिट्टी. पिशवीवर बोटाने टिचकी मारली की हवा शिट्टीतून निघे आणि मादीची हाक ऐकू येई. शेतातला नर त्या हाकेला भुलून जाळ्याकडे चालत येई. माणसाचा श्वास त्यात लागतच नाही. ठेका मात्र बोटाला यावा लागतो.

आणि चौथे साधन म्हणजे जिवंत पाखरू. पिंजऱ्यात पाळलेला बोलका तितर शेताच्या कडेला ठेवावयाचा, भोवती फासे लावावयाचे. तो ओरडतो, रानातला नर त्याला हुसकायला येतो आणि अडकतो. ह्यात माणसाला काही शिकावे लागत नाही असे वाटेल. पण पिंजऱ्यातल्या तितराला माणसात आणून बोलता ठेवणे हीच मोठी विद्या आहे. धास्तावलेले पाखरू बोलत नाही. आमच्या संघटनेत नव्याने आलेला हमाल सभेत तोंड उघडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ह्या सगळ्या साधनांचे शास्त्र कोणी बाजारपेठेच्या पातळीवर नेले असेल तर अमेरिकेतल्या लोकांनी, आणि तेही एकाच पाखरासाठी. ते पाखरू म्हणजे टर्की. हे नाव आपल्याला परके वाटते, पण टर्की आपल्याकडे येऊन चारशे वर्षे झाली. पोर्तुगीजांच्या गोव्याहून मुकर्रबखानाने जी अपूर्व जनावरे जहांगीर बादशहाला नेऊन दिली त्यात हा पक्षी होता, आणि १६१२ च्या सुमारास उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. बादशहाला त्याच्या डोक्यामानेचे बदलते रंग फार नवलाचे वाटले.

तर अमेरिकेतला रानटी टर्की वसंतात पहाटे झाडावरून गुरगुरतो आणि शिकारी मादीचा आवाज काढून त्याला बोलावतो. त्यासाठी चार-पाच तऱ्हेची साधने आहेत. सगळ्यांत जुनी, तिथल्या मूळ रहिवाशांची, टर्कीच्याच पंखाच्या हाडांची नळी. ती फुंकत नाहीत, ओठांनी आत ओढतात. दुसरी लाकडी डबी. तिच्यावर एक दांडीवजा झाकण असते, त्याला खडू फासून डबीच्या पातळ कडेवर घासले की किंचाळी उमटते. ह्या डबीचे एक प्रसिद्ध पेटंट १८९७ सालचे आहे. तिसरी पाटी, आपल्या शाळेतल्या पाटीच्याच दगडाची, आणि तिच्यावर घासावयाची काडी. पाटीवर पेन्सिल करकरली की आपल्या अंगावर काटा येई. तिकडे त्याच करकरण्याने नर भुलतो. चौथे साधन तोंडात ठेवावयाचा पातळ रबरी पडदा; त्याने हात मोकळे राहतात, पण तो टाळूला बसेपर्यंत शिकणाऱ्याला उमासे येतात. डबी नवशिक्याला द्यावी, तिचा आवाज लांब जातो. पाटी जवळच्या हलक्या बोलण्याला बरी. पडदा शेवटच्या क्षणी, हालचाल करता येत नाही तेव्हा. दमट हवेत डबी आणि पाटी दोन्ही रुसतात, म्हणून पावसात तोंडच खरे. मामांनी हे ऐकले तेव्हा एवढेच म्हणाले, "कामरेड, शेवटी तोंडावरच आले ना ते?"

ह्या टर्कीच्या शिकारीत एक मर्म आहे, ते सगळ्या सादांना लागू पडते. निसर्गात नर गुरगुरतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मात्र मादीचा आवाज काढून नरालाच चालत यायला सांगतो. म्हणजे तो पाखराच्या रीतीविरुद्ध बोलतो आहे. त्यामुळे नर उत्तरे पुष्कळ देतो, पण थोड्या अंतरावर येऊन थबकतो. आता तिने यावे, अशी त्याची अपेक्षा. नवशिका इथे घाबरून आणखी आवाज काढतो आणि नर जागचा हलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळे ठीक चाललेले असते. जाणता ह्या वेळी गप्प बसतो. मादी गेली की काय, ह्या शंकेने नर पाहायला येतो.

गप्प केव्हा बसावे, हाच ह्या विद्येचा अवघड धडा आहे. मामांच्याकडून मी तितराची हाक शिकण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी पहिले काही आठवडे तोंडच उघडू दिले नाही. "आधी कान धुवा," म्हणत. कोणता नर आहे, कुठे आहे, दोन हाकांमध्ये तो किती थांबतो, दुसऱ्याने उत्तर दिल्यावर त्याचा वेग वाढतो की नाही, हे ऐकावयाचे. नंतर ठेका शिकावयाचा, तोही मांडीवर बोटांनी. सूर सगळ्यांच्या शेवटी. माझ्यासारखे लोक सुरापासून सुरुवात करतात, कारण सूर मिरवता येतो. पण पाखरू सूर थोडा चुकला तर माफ करते. त्यांच्यातही चांगले-वाईट गळे असतातच. ठेका चुकला तर मात्र ते चालते होते. तालीम पाखरांपासून लांब करावी, हाही मामांचा नियम. रानात कच्चा आवाज काढला की तिथले पाखरू शहाणे होते, मग पक्क्यालाही दाद देत नाही.

आपल्या कानाला जे ओळखीचे तेच ऐकू येते, हीही एक अडचण आहे. उत्तर हिंदुस्थानात काळ्या तितराच्या हाकेबद्दल एक गोष्ट सांगतात. फकिराला तीत ईश्वराच्या कुदरतीचे स्तवन ऐकू येते, वाण्याला मीठ, तेल, आले, आणि पहिलवानाला दंड, मुद्गल, कसरत. हमालांच्या पुढाऱ्याला काय ऐकू येत असेल ते मी आपल्यावरच सोपवितो. असो. शिकणाऱ्याने हे शब्द विसरावे लागतात. शब्द बसविला की ठेका त्या शब्दाचा होतो, पाखराचा राहत नाही.

वाघालाही साद घालता येते. जिम कॉर्बेटने १९३८ च्या नोव्हेंबरात कुमाऊंमध्ये ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघाच्या आवाजात उत्तरे देऊन संध्याकाळी समोर आणले. ती जोडीदार शोधीत होती. त्याने ते ओळखले. मामा लावऱ्यांच्या बाबतीत जे ओळखीत तेच हे, फरक समोरच्या दातांचा. कॉर्बेटच्या नावाने राष्ट्रीय उद्यान आहे. पारध्याच्या नावाने पोलिसांच्या दप्तरात कागद असतात.

ह्याचे कारण थोडे इतिहासात पाहिले पाहिजे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या अनेक जमाती त्यात घातल्या. निजामी मुलखातही त्याच धर्तीचा कायदा होता. स्वतंत्र भारताने तो १९५२ साली रद्द केला. कायदा गेला, संशय राहिला. रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात फासेपारध्यांच्या कसबाचे वर्णन आहे. मोराच्या फाश्यांची लांबच लांब माळ. प्रत्येक फाशाला खुंटी. आणि फास उघडा राहावा म्हणून त्यात काळविटाच्या शिंगाची लवचीक पट्टी. शिकवलेला बैल आणि मातकट रंगाचा, डोळ्यांपुरती भोके असलेला पडदा ह्यांच्या आडून पारधी थव्याभोवती फिरे, पाखरांना न उठविता फासे लावी, आणि मग दुसऱ्या बाजूने उभा राही. त्याच वर्णनात दुसरीही गोष्ट आहे, ती मी लपविणार नाही. पकडलेले पाखरू गिऱ्हाईक मिळेपर्यंत जिवंत राहावे म्हणून मोराच्या पापण्या पिसाने शिवीत आणि लहान पाखरांचे पाय व पंख मोडीत. कसबाला हात जोडावेत आणि ह्या क्रौर्याला नावही ठेवू नये, असे माझ्याच्याने होणार नाही. मात्र एक विचारावेसे वाटते. पाखरू जिवंतच हवे, असे म्हणणारे गिऱ्हाईक कोण होते? त्याच्या जमातीवर कुठला कायदा झाला नाही.

आज ही शिकार बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा १९९१ साली आणखी कडक झाला आणि हौसेची शिकार संपली. फासा लावणे, आमिष ठेवणे हेही त्या कायद्याने शिकारच. बांधावरचे काटेरी कुंपण गेले, गायरानांवर नांगर फिरला, लातूरकडे ज्वारीच्या जागी सोयाबीन आले; उरल्या पाखरांना पकडू द्यावे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. अमेरिकेतही टर्की गेल्या शतकाच्या आरंभी नामशेष व्हायला आला होता. १९३७ साली बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळविणारा कायदा झाला, पाखरे पकडून नव्या रानांत सोडली गेली आणि तो पुन्हा वाढला. बदकांच्या शिकारीत जिवंत पाखराचे आमिष तिथे १९३५ सालीच बंद झाले. युरोपच्या १९७९ च्या पक्षी-निर्देशाने ध्वनिमुद्रणाने पाखरे पकडणे मना केले. जिथे शिकार चालते तिथेही यंत्राला मज्जाव आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारण यंत्र थकत नाही, आणि गप्प केव्हा बसावे हे त्याला कळत नाही.

आपल्याकडे मात्र हौशी माणसे मोबाइलवर हाक लावून पाखराला फोटोसाठी बाहेर काढतात. विणीच्या दिवसांत असे वारंवार केले की नर न दिसणाऱ्या शत्रूशी भांडण्यात सकाळ घालवितो. चरणे राहते, मादीजवळ असणे राहते. फासा लावला नाही म्हणून हे निरुपद्रवी समजू नये.

मग मामांच्या विद्येचे काय करावयाचे? काही ठिकाणी उत्तर सापडले आहे. विदर्भात अकोला-वाशीम भागात 'संवेदना' ह्या संस्थेबरोबर फासेपारधी तणमोरासारख्या माळरानातल्या पाखरांच्या नोंदी ठेवतात आणि गवताळ रानांची राखण करतात. मध्य प्रदेशात पन्ना येथे पारधी तरुण पाहुण्यांना जंगलात पायी फिरवून आणतात आणि वाटेत पाखरांचे आवाज काढून दाखवितात. सोलापूरचे मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. वनखात्यात अधिकारी असूनही पारध्यांसारख्या रानातल्या लोकांकडून पाखरे शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मराठवाड्यात हे काम व्हावयाचे असेल तर त्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे, कारण मला ह्यातला धोका दिसतो आहे. माळावर पाखरे मोजण्याची रीत अशी: पावसाळ्यात पहाटे, उजाडण्यापूर्वी, ठरलेल्या जागी उभे राहावयाचे, काही मिनिटे नुसते ऐकावयाचे, कोणत्या दिशेने कोणती हाक आली ती कागदावर मांडावयाची, आणि पुढच्या जागी जावयाचे. एकच नर दोनदा मोजला जाऊ नये ह्यासाठी दोघे जण लागतात. दोन सुरांचा लावा आणि तीन सुरांचा लावा, राखी तितर आणि रंगीत तितर, आव्हान आणि जमवाजमव हे ज्याला चटकन ओळखू येते त्याच्या कानावर ती सगळी मोजणी उभी असते. परंतु कागद दुसऱ्याच्या हातात असतो. अशा कामावर पारध्याला 'वाटाड्या' म्हणून लावतात आणि रोज देतात तो अकुशल मजुराचा. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. ज्या कामाला वीस वर्षांचा कान लागतो ते ह्यांपैकी कोणत्या वर्गात बसते हे सांगायला कामगार अधिकाऱ्याची गरज पडू नये. हमालाचे काम नुसते ओझे वाहणे नाही, हे मान्य करून घेऊन १९६९ चा माथाडी कायदा मिळवायला ह्या राज्यातल्या कामगारांना किती खपावे लागले ते आम्हांला माहीत आहे.

तेव्हा जो कोणी येत्या जूनमध्ये कंधारच्या किंवा अहमदपूरच्या माळावर मोजणी काढील त्याने तीन गोष्टी आधी लिहून द्याव्यात, असे माझे म्हणणे आहे. ऐकणाऱ्याला कुशल कामगाराचा रोज. नोंदवहीत त्याचे नाव, मोजणी करणारा म्हणून. आणि पहाटे माळावर फिरण्याचे लेखी ओळखपत्र, म्हणजे वाटेत कोणी हटकले तर खिशातून दाखवायला काही तरी असेल.